विंडोज सोडण्याआधी फॉन्ट सोडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि कोकणातल्या वाचनालयांच्या कार्यकारिणीत, हायस्कुलांच्या स्टाफरूममध्ये, पतपेढ्यांच्या संचालक मंडळांत एकच विषय घोळू लागला. जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा. आपल्याकडचे संगणक कसे आले ते आठवा: कुणा आमदाराच्या निधीतून, कुणा मुंबईकर मंडळाच्या देणगीतून, नाहीतर एखाद्या कंपनीने काढून टाकलेली मशीन तिथल्या चाकरमान्याने टेम्पोत घालून गावी पाठवली म्हणून. त्यातली बरीचशी या अटीत बसत नाहीत. मग सभेत एक जण म्हणतो, लिनक्स टाका, विंडोजच्या जागी चालते आणि फुकट आहे. दुसरा म्हणतो, त्यावर मराठी चालत नाही आणि बिघडलं तर बोलवायचं कुणाला? तिसरा खिशातून नव्या संगणकाचे कोटेशन काढतो. आवाज चढतात, चहा येतो, विषय पुढच्या सभेवर जातो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वाचनालयांनी आणि शाळांनी विंडोज सोडावे. बहुतेक ठिकाणी ते जमण्यासारखे आहे आणि शहाणपणाचेही आहे. पण हा निर्णय रांगेत शेवटी येतो. त्याच्या आधी सोडायचे ते जुने मराठी फॉन्ट आणि एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइली. ते न करता जो ऑपरेटिंग सिस्टिम बदलेल तो वर्षाच्या आत परत विंडोजवर येईल, आणि पुढची दहा वर्षे 'लिनक्स बघितलंय आम्ही' असे सांगत फिरेल.

फुकटचा मुद्दा पहिल्यांदा निकालात काढू, कारण लिनक्सचे कैवारी तोच सगळ्यात आधी पुढे करतात आणि तोच सगळ्यात लंगडा आहे. तालुक्याच्या गावात जुळवून घेतलेल्या संगणकांपैकी कितींत विंडोजचा परवाना रीतसर विकत घेतलेला सापडेल? दुकानदार पेन ड्राइव्हवरून विंडोज 'मारून' देतो, परवान्याची अट चुकवणारा ॲक्टिव्हेटर चालवतो आणि बिलात फक्त हार्डवेअर लिहितो. ज्याला विंडोज फुकटच मिळाले आहे त्याला लिनक्स फुकट असल्याचे कौतुक कशाला वाटेल? खर्च दोन्हीकडे आहे, तो पावतीवर येत नाही एवढेच. चोरीच्या विंडोजमध्ये ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवतात आणि भांडे फुटू नये म्हणून अपडेटही बंद ठेवतात. लिनक्समध्ये शिकण्याचे तास जातात आणि पहिले दोन महिने चिडचिड होते. शासनाचे अनुदान घेणाऱ्या, दरवर्षी ऑडिट होणाऱ्या सार्वजनिक संस्थेने चोरीचे सॉफ्टवेअर वापरावे का, हा प्रश्न मात्र सभेत कुणी काढत नाही. काढलाच तर सगळे पंख्याकडे बघतात.

दुसरे अर्धसत्य व्हायरसचे. जून २०१७ च्या अखेरीस उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले एक कंटेनर टर्मिनल ठप्प झाले, कारण ते चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या जगभरच्या यंत्रणेत नोटपेट्या नावाचा व्हायरस घुसला होता. त्याने विंडोजमधली जी फट वापरली तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. म्हणजे अपडेट न मिळणारे विंडोज १० नेटला जोडून ठेवणे धोक्याचे, हे लिनक्सवाल्यांचे म्हणणे खरे. पण पुढचे ऐका. नोटपेट्या आला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि एकदा आत शिरल्यावर चोरलेल्या पासवर्डांच्या आधाराने दुरुस्ती केलेल्या मशीनवरही गेला. भरवशाच्या दारातून आलेल्या चोराला कुठली ऑपरेटिंग सिस्टिम अडवणार? आणि आपल्या किनाऱ्यावर व्हायरसची वाट बघायचीही गरज पडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आले, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानातल्या संगणकावर विंडोज होते की लिनक्स हे पाण्याने विचारले नाही. खाऱ्या हवेने गंजून, विजेच्या झटक्याने, पुराने, कशाने ना कशाने इथले मशीन मरतेच. मग खरा प्रश्न उरतो तो असा: त्यातली फाइल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडेल का?

इथे स्वदेशीवाल्यांशी भांडण होते. त्यांचे म्हणणे, परदेशी विंडोज फेका आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली आपली ऑपरेटिंग सिस्टिम, बॉस, घ्या. संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये माया ही आपली यंत्रणा आणली. भावना समजते. पण सी-डॅकचे बॉस डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेले आहे, माया उबुंटू या दुसऱ्या प्रकारावर, आणि दोन्हींच्या पोटात जो गाभा आहे तो १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केला आणि पुढे देशोदेशीच्या हजारो लोकांनी लिहिला. तो सगळ्यांचा आहे, हेच त्याचे बळ. उलट मराठी संस्थांना गेली तीस वर्षे ज्यांनी बांधून ठेवले ती श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव ही जुन्या फॉन्टांची मंडळी आपल्याच देशातली, त्यातली काही थेट पुण्यातली.

या सॉफ्टवेअरांचे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा मला करायचा नाही. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी छापायची दुसरी सोयच नव्हती; दिवाळी अंक, लग्नपत्रिका, नमनाची आणि जत्रेची पत्रके त्यांच्यावरच उभी राहिली. पण त्यांची युक्ती समजून घ्या. या फॉन्टांत साठवलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो. फॉन्ट त्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ग्रामसभेचा ठराव उघडला की स्वल्पविराम, डॉलर आणि मोठ्या-छोट्या रोमन अक्षरांची खिचडी समोर येते. वाचनालयाची ग्रंथसूची अशा फॉन्टात असेल तर आणखी गंमत. कागदावर जसे आधी दिसते तशी ऱ्हस्व वेलांटी इथे अक्षराच्या आधी साठवलेली असते. वर्णानुक्रम लावायला सांगा, 'किनारा', 'चिंच' आणि 'विहीर' एकाच टोळक्यात येऊन बसतात, कारण संगणकाच्या दृष्टीने तिन्ही वेलांटीने सुरू होतात. आणि मग 'क'खाली 'किनारा' शोधायला गेलात की काहीच सापडत नाही. हजारो पुस्तकांची यादी कुणीतरी दोन-तीन उन्हाळ्यांत बसून टाइप केलेली असते, आणि ती छापून फायलीला लावण्यापलीकडे उपयोगाची नसते. अशी यादी घेऊन लिनक्सवर गेलेला ग्रंथपाल पहिल्या दिवशी म्हणणार, 'यावर मराठी चालत नाही.' तो खोटे बोलत नसतो. पण दोष नव्या यंत्रणेचा आहे का?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत; तिच्यात देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला आणि कुठलेही वेगळे सॉफ्टवेअर न घेता खरे मराठी टाइप करण्याची सोय झाली. म्हणजे या कोंडीतून सुटण्याचा रस्ता मायक्रोसॉफ्टनेच पंचवीस वर्षांपूर्वी करून दिला होता; आपण त्यावरून गेलो नाही. टायपिस्टचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेला होता, छापखान्याला पाने जुळवण्याचे पेजमेकर सोडवत नव्हते, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. आळसाला अशी सबळ कारणे मिळाली की तो धोरण म्हणून खपून जातो.

हे आपल्याकडे एकदा घडून गेले आहे. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतून आणि कचेरीतून गेली आणि बाळबोध राहिली. छपाईच्या, शिक्षणाच्या सोयीने पाहिले तर बदल समजण्यासारखा होता. पण माणसे बदलली, कागद मोडीतच राहिले. खोतीचे, भाऊहिश्शांचे, देवस्थानच्या जमिनींचे दस्त कोकणात आजही घरोघरच्या पेट्यांत पडून आहेत, आणि वाटणीचा वाद उभा राहिला की मोडी वाचणारा माणूस शोधत जिल्हाभर फिरावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा सरकारलाही मोडी जाणकारांची वाण भासली. लिपी बदलली त्या वेळी महत्त्वाचे कागद पद्धतशीर उतरवून ठेवले असते तर? मोडी निदान शिकता येते. जुन्या फॉन्टातली फाइल, तो फॉन्ट हाती नसेल तर, शिकलेल्या माणसालाही वाचता येत नाही. तेव्हा पहिले काम हे: महत्त्वाचे ठराव, सभासद नोंद, ग्रंथसूची, शाळेची रजिस्टरे युनिकोडमध्ये आणा. रूपांतराची साधने मिळतात, पण ती रफारात आणि जोडाक्षरांत चुका करतात, म्हणून एकाने वाचून तपासायला हवे. काम कंटाळवाणे आहे, आणि ते विंडोज न सोडता आजच सुरू करता येते.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा: बिघडले तर येणार कोण? लिनक्सवाले हा प्रश्न हसण्यावारी नेतात, आणि तिथेच घात होतो. कोकणात लिनक्स येते कसे ते पाहा. पुण्याच्या आयटीतला कुणाचा तरी भाचा गणपतीला घरी येतो. दुपारी वेळ जात नाही म्हणून वाचनालयात डोकावतो, मशीनचा वेग बघून हळहळतो आणि रात्रीत लिनक्स चढवून देतो. मशीन खरोखर पळायला लागते. गौरी-गणपती जातात, भाचा जातो. नवरात्रात प्रिंटर रुसतो. पासवर्ड भाच्याला ठाऊक, भाचा मीटिंगमध्ये, शिमग्याला येतो म्हणतो. ग्रंथपाल बाईंना मासिक अहवाल पाठवायचा असतो. त्या तालुक्याच्या दुकानदाराला बोलावतात, तो पुन्हा विंडोज मारून देतो आणि त्या घाईत डिस्क पुसली जाते. हर्णैच्या बंदरावर होडीसाठी इंजिन घेणारा माणूस अश्वशक्ती नंतर बघतो; त्याचा मेस्त्री जवळपास आहे का आणि सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारतो. संगणकाच्या बाबतीत हा व्यवहार कुठे जातो?

मात्र नीट पाहिले तर हा आक्षेप लिनक्सपेक्षा भाच्यावर जास्त आहे. केरळने शाळांमध्ये हाच बदल केला. तिथला आयटी@स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. त्यांनी सीडी वाटून हात झटकले नाहीत. शिक्षकांना शिकवले, शिक्षकांतूनच प्रशिक्षक उभे केले, दहावीची आयटीची परीक्षा त्याच यंत्रणेवर घेतली. मल्याळम फॉन्ट आणि कीबोर्डसाठी झटणारे स्वयंसेवक त्या भाषेत आधीपासून होतेच. आपल्याकडे राज्याची वाट बघत बसायचे नसेल तर तालुक्यातल्या आठ-दहा वाचनालयांनी आणि शाळांनी मिळून एकच लिनक्स, एकच आवृत्ती निवडावी आणि एका स्थानिक मुलाला किंवा मुलीला ठरावीक मानधनावर धरावे. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून, रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातून मुले बाहेर पडतातच की. पासवर्ड पाकिटात घालून कपाटात राहील, कुणाच्या भाच्याच्या डोक्यात नव्हे. आणि एवढे जमणार नसेल तर? तर सरळ सांगतो, विंडोजवरच राहा. कंपन्यांनी वापरून काढलेले आठव्या पिढीचे चांगले मशीन मुंबईत नव्याच्या मानाने बरेच स्वस्तात मिळते, त्यावर रीतसर विंडोज ११ चालवा. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची जी सवलत दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. संस्थांना ती विकत घ्यावी लागते आणि तिचा दर वर्षागणिक दुप्पट होतो. त्या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

विरोधक म्युनिकचेही उदाहरण देतात, आणि त्यांनी ते द्यायलाच हवे. त्या जर्मन शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचे ठरवले, दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतण्याचा ठराव केला. राजकारण, कारभारातला विस्कळीतपणा, बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण, ज्याला जे सोयीचे ते कारण तो सांगतो. पण त्याच काळात फ्रान्सच्या जांदार्मरीने, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिस दलाने, काय केले ते इथे फारसे कुणाला माहीत नसते. त्यांनी विंडोज न हलवता २००५ मध्ये त्यावरच एमएस ऑफिसच्या जागी चालणारे ओपनऑफिस बसवले, मग फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ईमेलचे थंडरबर्ड. माणसांचे हात या सॉफ्टवेअरांवर बसल्यावर २००८ पासून खालची यंत्रणा बदलून उबुंटू आणली. शिपायाच्या नजरेला आदल्या दिवशीचेच कार्यक्रम दिसत होते. ते दल आजही लिनक्सवर आहे. मी जो क्रम सुचवतो आहे तो काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही.

राहिला मुद्दा 'आमच्या माणसांना जमणार नाही' हा. महाराष्ट्राने एमएस-सीआयटीमधून एका पिढीला संगणक शिकवला तो विंडोज आणि ऑफिस म्हणूनच, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण त्याच पिढीने विंडोज ७ वरून ८ वर जाताना स्टार्टचे बटण गायब झालेले पाहिले, ८.१ वर ते परत आलेले पाहिले, ११ वर मधोमध सरकलेले पाहिले, आणि कुठला वर्ग न लावता निभावले. बचत गटातल्या ज्या काकूंना आपण 'नाही जमायचं' म्हणतो त्या कोकमाचे पैसे फोनवर घेतात. जमत नाही ते एकट्याने, रात्रीत, न सांगता लादलेले. शिवाय वाचनालयाचे बरेचसे काम आता ब्राउझरमध्ये होते: एनआयसीचे ई-ग्रंथालय आहे, किंवा न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण वाचनालयासाठी बनून २००० साली सुरू झालेले आणि आता जगभर वापरले जाणारे कोहा आहे. ब्राउझरला खाली काय आहे याच्याशी देणेघेणे नसते.

काही ठिकाणी मात्र बदलाचा विचारही करू नये. आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचे डीएससी टोकन रोज लागते. ही उपकरणे बनवणारे बहुतेक जण विंडोज गृहीत धरूनच चालतात, आणि दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या आजोबांसमोर प्रयोग करणे हा अपराध आहे. पतपेढीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते तोवर तिचे मुख्य मशीनही तसेच राहील. ग्रामपंचायतीत एक मशीन रीतसर विंडोज ११ चे, बाकीची लिनक्सची, ही तडजोड मला कमीपणाची वाटत नाही. दुराग्रही लोकांना ती धर्मद्रोह वाटते. वाटू दे.

कणकवली-चिपळूणच्या डीटीपीवाल्यांनी तर आपले पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीचे मशीन आहे तसे चालवावे. वीस वर्षांची गिऱ्हाइकांची कामे त्यात आहेत. त्याची नेटची वायर तेवढी काढून ठेवावी आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासावा. संस्थांनी मात्र त्यांच्याकडून स्मरणिका किंवा वार्षिक अहवाल करून घेताना छपाईच्या पीडीएफबरोबर पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये मागावा आणि ही अट कोटेशन मागवतानाच घालावी. सुरुवातीला थोडी कुरकुर होईल, एक-दोघे जादा पैसे सांगतील. ते द्यावेत.